बर्फाची पेढी : बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचे घराणे

व्यापारी घराण्याचा इतिहास दोन ठिकाणी लिहिलेला असतो : वंशवृक्षात आणि चोपड्यांत. कोण कोणाच्या पोटी जन्मला हे वंशवृक्षावरून कळते. कोणी मिळविले, कोणी घालविले आणि घालविलेले कोणी भरून दिले, हे मात्र चोपड्या उघडल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या ट्यूडर घराण्याच्या बाबतीत ही दोन्ही साधने आज उपलब्ध आहेत. या घराण्यात कायदेपंडित झाले, साहित्यिक झाले, राजदूत झाले. परंतु घराण्याचे नाव जगभर गेले ते तेराव्या वर्षी शाळा सोडलेल्या एका मुलामुळे. त्याचे नाव फ्रेडरिक ट्यूडर. जन्म ४ सप्टेंबर १७८३, मृत्यू ६ फेब्रुवारी १८६४.

फ्रेडरिकने विकला तो बर्फ. तळ्यात आपोआप गोठणारा, ज्यावर कोणाचीही मालकी नाही आणि जो दुकानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पाणी होऊन वाहून जाण्याची भीती, असा हा माल. ज्या घरांत बर्फ अभक्ष्य म्हणून वर्ज्य आहे, त्या घरांनाही या पेढीचा हिशेब वाचण्यासारखा वाटेल. कारण या कथेतील खरा माल बर्फ नसून पत हा आहे. ऋणको म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाने पुढे वीस वर्षांत अशी पत कशी कमावली की त्याहून कितीतरी मोठ्या कर्जासाठी धनकोंनी त्याला आपण होऊन मुदत दिली, हा या घराण्याच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय.

आजोबांची मिळकत, वडिलांचा थाट

फ्रेडरिकचे आजोबा जॉन ट्यूडर यांनी बेकरीच्या व्यवसायातून संपत्ती उभी केली. त्यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती, आणि ही सवय पुढे नातवात उतरली. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिळकत एकुलत्या हयात पुत्राकडे, विल्यम ट्यूडर यांच्याकडे आली.

विल्यम हे विद्वान गृहस्थ होते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्स यांच्या कार्यालयात त्यांनी वकिलीचे धडे घेतले आणि स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्याचे विधि-अधिकारी म्हणून काम केले. त्यांच्या पत्नी डीलिया जार्विस. बोस्टनमध्ये घर, उत्तरेस सॉगस येथे ‘रॉकवुड’ नावाची बागाईत वाडी, युरोपचा प्रवास, पाहुण्यांची सतत ये-जा असा या कुटुंबाचा थाट होता. रॉकवुडच्या वाडीत एक तळे होते. हिवाळ्यात त्याचा बर्फ कापून भुईतील कोठीत साठवायचा आणि उन्हाळ्यात सरबते व आइस्क्रीम करायची, ही तेथील श्रीमंतांची नेहमीची रीत होती.

थोरला मुलगा विल्यम हार्वर्डमध्ये शिकला. फ्रेडरिकने मात्र तेराव्या वर्षीच शाळा सोडून दुकानात उमेदवारी धरली. महाविद्यालयात जाण्याची ऐपत आणि संधी असताना त्याने ती नाकारली, याची घरात खंत होती. पुढे संपूर्ण घराण्याचा भार ज्याच्या खांद्यावर यायचा होता, तो हाच मुलगा.

१८०१ मध्ये जॉन हेन्री या आजारी भावाला उबदार हवा मानवेल म्हणून सतरा वर्षांच्या फ्रेडरिकला त्याच्याबरोबर क्यूबातील हवाना येथे पाठविण्यात आले. तेथील उकाड्याने दोघेही हैराण झाले. दुखणे बळावले आणि पुढच्याच वर्षी जॉन हेन्रीचा मृत्यू झाला. उष्ण प्रदेशातील ताप, तहान आणि थंड पाण्याचे दुर्भिक्ष यांचा हा अनुभव फ्रेडरिकच्या मनात कायमचा राहिला.

भावाची कल्पना, भावाचीच साथ

१८०५ मध्ये बहीण एमा हिचा विवाह रॉबर्ट हॅलोवेल गार्डिनर यांच्याशी झाला. याच सुमारास थोरल्या विल्यमने गप्पांच्या ओघात एक विचार बोलून दाखविला : आपल्या तळ्यातला बर्फ वेस्ट इंडीजच्या बंदरांत नेऊन विकला तर? विल्यमचा स्वभाव कल्पना सुचविण्याचा आणि पुढच्या कल्पनेकडे वळण्याचा होता. फ्रेडरिकने ती कल्पना उचलली. १ ऑगस्ट १८०५ रोजी त्याने एक वही घातली, तिला ‘बर्फघराची रोजनिशी’ असे नाव दिले आणि पहिल्या पराभवात माघार घेणाऱ्याला प्रेमात, युद्धात वा व्यापारात कधीच यश मिळत नाही, अशा आशयाचे बोधवाक्य तिच्या मुखपृष्ठावर लिहिले. तेव्हा त्याचे वय बावीस वर्षांचेही झाले नव्हते.

हा उद्योग आरंभापासून घरच्या माणसांवर उभा होता. परवाने मिळविण्यासाठी आणि गिऱ्हाईक पाहण्यासाठी विल्यम आणि नात्यातील तरुण जेम्स सॅव्हेज हे दोघे आधीच कॅरिबियन बेटांकडे रवाना झाले. बोस्टनचा एकही जहाजमालक असला माल भरून घेण्यास तयार होईना. बर्फ वितळून जहाज बुडेल, अशी सर्वांना धास्ती. शेवटी फ्रेडरिकने ‘फेवरिट’ नावाचे जहाज ४,७५० डॉलरना विकतच घेतले. फेब्रुवारी १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ घेऊन ते मार्टिनिक बेटाकडे निघाले. हा सौदा घसरडा न ठरो, अशी थट्टा बोस्टनच्या एका वृत्तपत्राने केली.

मार्च महिन्यात जहाज सेंट पियेर बंदरात पोहोचले. बर्फ चांगल्या स्थितीत होता, पण तो ठेवण्यासाठी बर्फघर नव्हते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तेथील लोकांनी बर्फ कधी पाहिलेलाच नव्हता. तो कसा वापरावा हे सांगणारी पत्रके छापावी लागली. तरीही कोणी भर दुपारी उन्हातून बर्फ घरी नेला, दारात ताटलीत ठेवला आणि तो वितळतो म्हणून तक्रार केली. कोणी टिकावा म्हणून पाण्यात बुडवून ठेवला, तर कोणी मिठात पुरला. आइस्क्रीम बनविणे शक्यच नाही, असे म्हणणाऱ्या एका उपाहारगृहाच्या मालकाला फ्रेडरिकने स्वतः आइस्क्रीम करून दाखविले. त्या दिवशीची विक्री उत्तम झाली. पण बाकीचा माल डोळ्यांदेखत वाहून गेला आणि पहिल्या खेपेत काही हजार डॉलरचा तोटा आला.

या तोट्याने फ्रेडरिकला दोन गोष्टी शिकविल्या. एक, माल पाठविण्याआधी तो ठेवण्याची जागा तयार हवी. दुसरी, नव्या मालाला आधी गिऱ्हाईक घडवावे लागते. या दोन गोष्टी त्याने आयुष्यभर पाळल्या. तिसरी शिकवण मात्र त्याला फार उशिरा मिळाली.

ऋणकोचा तुरुंग

डिसेंबर १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि बंदरे ओस पडली. त्याच सुमारास वडिलांनी दक्षिण बोस्टनमधील जमिनींत केलेली गुंतवणूक बुडाली. शहर त्या बाजूस वेगाने वाढेल या हिशेबाने त्यांनी तेथे पैसा ओतला होता. शहर वाढले, परंतु त्यांच्या सोयीने वाढले नाही. आजोबांनी आयुष्यभर जोडलेली संपत्ती एका पिढीत संपली.

आता मुलाची कर्जे निवारण्यास बाप असमर्थ होता. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या काळी कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा कायदा होता. १८१२ आणि १८१३ या वर्षी फ्रेडरिकला या कायद्याखाली कोठडीत जावे लागले. ज्यांच्या घरी शहराची प्रतिष्ठित मंडळी जेवावयास येत, त्यांच्या मुलाला भर रस्त्यात पकडून नेण्यात येत होते. १८१२ ते १८१५ या काळात इंग्लंडशी युद्ध झाले आणि समुद्रमार्ग पुन्हा बंद पडला.

कर्जासाठी माणसाला डांबून ठेवण्यात धनकोचा लाभ काय, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात असे. कोठडीतला ऋणको एक पैसाही कमवीत नाही. फ्रेडरिकच्या बाबतीत त्याला सोडविण्यासाठी आणि उभे करण्यासाठी नात्यातीलच माणसे पुढे आली. युद्ध संपताच १८१५ च्या अखेरीस कोतवालाच्या माणसांचा ससेमिरा चुकवीत त्याने उसन्या पैशांवर हवाना गाठले आणि तेथे दुहेरी भिंतींचे बर्फघर उभारले. तासाला किती पाणी गळते हे मोजून त्याने भिंतींची जाडी, दारांची जागा आणि मधल्या भरावाचे प्रमाण ठरविले. हवानाचे बर्फघर चालले आणि घराण्याला प्रथमच आधार मिळाला.

तथापि सरळ मार्गाने चालणे त्याच्या स्वभावात नव्हते. १८१६ मध्ये क्यूबाची फळे बर्फात घालून न्यूयॉर्कला आणण्यासाठी त्याने ३,००० डॉलर चाळीस टक्के व्याजाने घेतले. फळे वाटेतच सडली आणि मुद्दलाबरोबर व्याजही डोक्यावर बसले. पुढे चार्ल्स्टन, सॅव्हाना आणि न्यू ऑर्लिन्स येथे बर्फघरे निघाली, पण ओढाताण संपली नाही. १८२० च्या दशकाच्या आरंभी अतिश्रमाने त्याची प्रकृती आणि मन दोन्ही खचले. तेव्हा मेहुणे गार्डिनर यांनी काही काळ सारा कारभार हाती घेतला आणि विस्कटलेले हिशेब लावून दिले. घराण्याच्या इतिहासात या माणसाचा उल्लेख सहसा एका ओळीत आटोपतो. ते त्या वेळी उभे राहिले नसते, तर पेढी तेथेच बुडाली असती.

टाकाऊ वस्तूंचे भांडवल

ट्यूडरच्या व्यापाराचे गणित जाणकाराला आजही थक्क करते. तळ्यातील बर्फाला किंमत नव्हती. तो कापणारे शेतमजूर हिवाळ्यात रिकामेच असत. मेन प्रांतातील लाकूडकापणीच्या गिरण्यांना आपला भुसा कोठे टाकावा हा प्रश्न पडलेला असे. तोच भुसा उष्णता रोखण्यास गवतापेक्षा सरस ठरला. बोस्टनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांना पुरेसा माल मिळत नसे. जहाज स्थिर राहावे म्हणून तळात दगड भरून ती निघत. दगडांऐवजी बर्फ भरला तर मालकाला थोडे तरी भाडे सुटे; म्हणून ट्यूडरला ते अत्यल्प दरात मिळे. ज्यांना बाजारात भाव नव्हता, अशा चार गोष्टी एकत्र आणून त्याने नवा व्यापार निर्माण केला.

उणीव राहिली होती ती कापणीत. हाताने कापलेले तुकडे ओबडधोबड असत. ते रचताना मध्ये फटी राहत आणि हवा शिरून बर्फ लवकर विरघळे. केंब्रिजजवळील फ्रेश पाँड या तळ्याकाठी राहणाऱ्या नॅथानिएल वायेथ या तरुणाने १८२५ मध्ये घोड्याने ओढायचा बर्फनांगर तयार केला. शेतात आखाव्यात तशा उभ्या-आडव्या रेषा तळ्यावर आखल्या जाऊ लागल्या आणि विटेसारख्या सारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. कापणीचा खर्च टनाला ३० सेंटवरून १० सेंटवर आला. ट्यूडरने वायेथला आपल्याकडे कामास ठेवून घेतले.

गिऱ्हाईक घडविण्याची त्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी होती. नव्या शहरात तो पेयगृहांच्या मालकांना आरंभी बर्फ फुकट देई आणि थंड पेयाची किंमत साध्या पेयाइतकीच ठेवण्यास सांगे. एकदा जिभेला थंडावा कळला की माणूस कोमट पेयाकडे वळत नाही, हे त्याने ओळखले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचा माल बंदरात आला की ट्यूडर आपला भाव इतका खाली आणी की समोरच्याचा बर्फ धक्क्यावरच वितळून जावा. सरकारांकडून मक्तेदारी मिळविण्यासाठी तो सतत धडपडे. हवाना, चार्ल्स्टन, न्यू ऑर्लिन्स ही गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेली शहरे होती आणि तेथील मळेवाल्यांच्या टेबलावर त्याचा बर्फ जाई. भागीदारांशी त्याचे फार काळ पटत नसे. पूर्वजांचे चरित्र लिहिताना या गोष्टी झाकून ठेवण्याचा मोह होतो. परंतु चोपडीत जमेबरोबर खर्चाची बाजूही असावी लागते.

कलकत्ता, मद्रास, मुंबई

१८३३ मध्ये बोस्टनचे व्यापारी सॅम्युएल ऑस्टिन यांनी ट्यूडरपुढे प्रस्ताव मांडला. हिंदुस्थानकडे जाणारी त्यांची जहाजे जाताना जवळपास रिकामीच जात. ऑस्टिन, विल्यम रॉजर्स आणि ट्यूडर अशी भागीदारी झाली. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबरमध्ये ते हुगळीत शिरले. तोवर सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

कलकत्त्यात बर्फ अगदीच अपरिचित नव्हता. थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी गोठवून मिळणारा ‘हुगळी बर्फ’ तेथे विकला जाई. पण तो पातळ, गढूळ आणि महाग असे. बोस्टनच्या बर्फाच्या स्वच्छ लाद्या पाहण्यासाठी किनाऱ्यावर गर्दी जमली. सरकारने बर्फावरील जकात माफ केली आणि माल रात्रीच्या गारव्यात उतरविण्याची परवानगी दिली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी रॉजर्स यांना रौप्यचषक देऊन गौरविले. लोकवर्गणीतून शहरात बर्फघर उभे राहिले. बर्फाबरोबर न्यू इंग्लंडची सफरचंदेही येऊ लागली.

पुढे मद्रास आणि मुंबई येथेही हा माल पोहोचला. मद्रासचे बर्फघर आजही समुद्रकिनारी उभे आहे. १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतलेल्या स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्या वास्तूत होता आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या फोर्ट भागातही बर्फघर होते. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत प्रथमच आइस्क्रीम दिले, तेव्हा यजमान आणि पाहुणे अशा दोघांनाही सर्दी झाली आणि त्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, ही हकीकत जुन्या मुंबईच्या आठवणींत आवर्जून सांगितली जाते.

या व्यापाराची नोंद एका तत्त्वचिंतकानेही करून ठेवली. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरच्या उद्योगासाठी मजुरांचे तांडे वॉल्डन तळ्यावर बर्फ कापण्यास आले. त्या वेळी तळ्याकाठच्या झोपडीत हेन्री डेव्हिड थोरो राहत होता. सकाळी भगवद्गीतेचे चिंतन करणाऱ्या थोरोला वाटले, की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक आता आपल्याच विहिरीचे पाणी पिणार आणि वॉल्डनचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळणार. प्रत्यक्षात त्या वर्षी रचलेल्या ढिगाचा बराचसा भाग तळ्याकाठीच राहिला आणि सप्टेंबर १८४८ पर्यंत हळूहळू वितळून पुन्हा तळ्यालाच मिळाला.

कॉफीचे कर्ज

तिसरी शिकवण मिळण्याची वेळ आता आली. कलकत्त्याकडे जहाज निघाले त्याच काळात ट्यूडर कॉफीच्या सट्ट्यात उतरला. बर्फाच्या धंद्यातील कण न् कण जाणणारा हा माणूस कॉफीच्या बाजारात केवळ भाव चढेल या आशेवर उधारीने माल घेत गेला. भाव पडला आणि १८३४ मध्ये दोन लाख डॉलरहून अधिक कर्ज अंगावर आले. वडिलांनी जमिनीत जे केले, तेच मुलाने कॉफीत केले. आपल्या मालाची नस ओळखणारा व्यापारी परक्या मालात हात घालतो तेव्हा तो व्यापारी राहत नाही, जुगारी होतो. ही ती तिसरी शिकवण.

बावीस वर्षांपूर्वी याहून कितीतरी लहान रकमांसाठी त्याला तुरुंग दाखविण्यात आला होता. या खेपेस धनकोंनी त्याला मोकळे ठेवले आणि मुदत दिली. पत म्हणजे काय, याचे उत्तर या दोन प्रसंगांमधील अंतरात आहे. १८१२ मध्ये त्याच्याजवळ एक हास्यास्पद कल्पना होती. १८३४ मध्ये बर्फघरे होती, हिशेबाच्या वह्या होत्या, दरवर्षी हिवाळ्यात भरणारी तळी होती आणि पडल्यावर पुन्हा उठणारा माणूस अशी ख्याती होती. हा धंदा ट्यूडर चालवील तरच आपला पैसा परत येईल, हे धनकोंनी जाणले.

दिवाळे जाहीर करून हात वर करण्याचा मार्ग त्याने पत्करला नाही. एकट्या कलकत्त्याच्या बर्फाने वीस वर्षांत सुमारे २,२०,००० डॉलरचा नफा दिला. १८४९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षांत, त्याने व्याजासह सुमारे २,८०,००० डॉलर फेडले. त्या वेळी त्याचे वय पासष्ट होते. बोस्टनच्या एका घराण्याचे ऋण फिटण्यास हिंदुस्थानच्या उन्हाळ्याचा असा हातभार लागला.

तोपर्यंत हा उद्योग त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता. १८०६ मध्ये बोस्टनहून एक खेप गेली होती, १३० टनांची. १८२६ मध्ये १५ खेपांतून ४,००० टन, १८४६ मध्ये १७५ खेपांतून ६५,००० टन आणि १८५६ मध्ये ३६३ खेपांतून १,४६,००० टन बर्फ बाहेर गेला. एका वेडगळ कल्पनेचे पन्नास वर्षांत मोठ्या निर्यात व्यापारात रूपांतर झाले.

संसार, वंश आणि वारसा

कर्जात बुडालेल्या माणसाने विवाहाचा विचार करू नये, असे ठरवून की काय, फ्रेडरिक पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिला. जानेवारी १८३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युफेमिया फेनो हिच्याशी त्याचा विवाह झाला. वधूचे वय एकोणीस. कॉफीचे कर्ज कोसळले ते याच वर्षी; म्हणजे युफेमियाच्या संसाराची पहिली पंधरा वर्षे परतफेडीतच गेली. या दांपत्याला सहा मुले झाली. पिता म्हणून फ्रेडरिकने मुलांना वाढविले ते साठीच्या पुढेमागे.

उतारवयात तो बोस्टनजवळच्या नाहांट या समुद्रकाठच्या ठिकाणी रमला. खारा वारा सुटणाऱ्या त्या उघड्या जमिनीवर झाड टिकत नसे. ट्यूडरने उंच कुंपणे उभारून वारा अडविला, हजारो झाडे लावली आणि फळबाग वाढविली. सर्वसामान्य लोकांसाठी त्याने तेथे ‘मेओलिस’ नावाचे उद्यान उघडले. बर्फ उन्हापासून राखण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो आता वाऱ्यापासून रोपे राखीत होता.

ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, त्या थोरल्या विल्यमने १८१५ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले, पुढे दक्षिण अमेरिकेत राजनैतिक पदे सांभाळली आणि १८३० मध्ये रिओ द जानेरो येथे त्याचा मृत्यू झाला. भगिनी डीलियाचा विवाह नौदलातील चार्ल्स स्ट्यूअर्ट यांच्याशी झाला; आयर्लंडच्या स्वराज्याचा झुंजार पुढारी चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल हा तिचा नातू. पहिल्या बर्फासाठी बेटांवर धावलेला जेम्स सॅव्हेज १८१६ मध्ये बोस्टनच्या ‘प्रॉव्हिडंट इन्स्टिट्यूशन फॉर सेव्हिंग्ज’ या बचत बँकेच्या संस्थापकांपैकी एक झाला. अमेरिकेच्या अगदी पहिल्या बचत बँकांत तिची गणना होते. कष्टकऱ्यांचे लहान लहान पैसे सुरक्षित ठेवणे हे तिचे काम. त्याच सॅव्हेजने वृद्धापकाळी न्यू इंग्लंडच्या आद्य रहिवाशांची वंशावळ चार खंडांत सिद्ध केली. आज आपला पूर्वज शोधणारा अमेरिकन माणूस बहुधा तिच्यापाशी येतोच. नात्यातील एकाच्या नशिबी ऋणकोची कोठडी आली आणि दुसऱ्याच्या हातून बचतीची पेढी उभी राहिली.

फ्रेडरिकची नात रोझामंड ट्यूडर व्यक्तिचित्रकार झाली. तिची कन्या टाशा ट्यूडर (१९१५-२००८) या अमेरिकेतील बालपुस्तकांच्या नामवंत चित्रकार होत. वडिलांचे आडनाव बर्जेस असताना त्यांनी आईकडचे ट्यूडर हेच नाव लावले. व्हरमाँटमधील आपल्या घरी त्या विसाव्या शतकातही एकोणिसाव्या शतकाच्या पद्धतीने राहिल्या : स्वतः सूत काढीत, शेळ्या पाळीत, बाग करीत. पणजोबांनी ज्या काळात बर्फाची जहाजे पाठविली, त्याच काळातील राहणी पणतीने आपल्या घरात जतन केली.

पेढी मात्र टिकली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्यात बर्फ तयार करणारी कंपनी निघाली आणि लवकरच हिंदुस्थानला बोस्टनच्या बर्फाची गरज उरली नाही. बर्फघरे पडली किंवा दुसऱ्या कामी लागली. आज मागे राहिली आहेत ती कागदपत्रे. ट्यूडर पेढीच्या रोजनिशा, पत्रे आणि हिशेबाच्या वह्या हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत; महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या वह्या तेथे विद्यार्थी अभ्यासतात.

अनेक घरांत जुन्या पेटाऱ्यांत कीर्द, खतावणी आणि फाटक्या हुंड्या पडून असतात. रद्दीत घालण्यापूर्वी त्या एकदा वाचून पाहिल्या, तर आजोबा-पणजोबांचे नाव आणि तिथी यांपलीकडे बरेच काही हाती लागते. कोणत्या साली कोणाचे देणे होते, ते किती वर्षांत फिटले, आणि फेडणाऱ्याच्या पाठीशी नात्यातील कोण उभे होते, हे त्याच पानांवर लिहिलेले असते.